जहाज सुटण्याआधीचे तीन आठवडे

प्रश्न: "मी नौदलात पेटी ऑफिसर आहे, इंजिन रूममध्ये. जहाज मुंबईचंच. साधारण तीन आठवड्यांनी लांबच्या सेलिंगला निघायचंय, काही महिन्यांसाठी. परळला आम्ही सहाजण राहतो: आई-वडील, बायको, आठवीतला मुलगा, सिनियर केजीतली मुलगी आणि मी. थोडी रजा मिळाली आहे. हा वेळ वाया जाऊ नये असं फार वाटतं, पण रोज काहीतरी बिनसतं. मुलगी सारखी चिकटून असते, मुलगा जवळ फिरकत नाही, बायकोशी फालतू गोष्टींवरून वाजतं. आई म्हणते, मुलगी झोपेत असतानाच निघ, उगाच रडारड नको. काय करावं?"

उत्तर:

आईंचं तेवढं ऐकू नका. बाकी सगळ्यात थोडंफार इकडे-तिकडे झालं तरी निभावून जातं, पण मुलगी झोपलेली असताना निघून जाऊ नका.

आईंचा हेतू चांगला आहे, आणि हा सल्ला आपल्याकडे घराघरांत दिला जातो. लहान मूल रडेल, बापाचा पाय निघणार नाही, निघताना घरात रडणं बरं नाही, अशी सगळी कारणं त्यामागे असतात. पण मूल झोपेतून उठल्यावर काय होतं ते मला फार वेळा बघायला मिळालं आहे. कुलाब्याच्या नेव्ही नगरातली आणि तुमच्यासारखी आपापल्या घरात राहणारी नौदलातली बरीच कुटुंबं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. त्यातल्या एका चीफ पेटी ऑफिसरची चार वर्षांची मुलगी होती. बाबा पहाटे निघाले, तिच्या कपाळाला ओठ टेकवून. सकाळी तिने बाथरूममध्ये पाहिलं, दारामागे पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं आणि काही न बोलता दूध प्यायली. रडली नाही. सगळे म्हणाले, किती समंजस पोर. त्या रात्रीपासून तिने झोपायचं बंद केलं. आईच्या गाऊनचं टोक मुठीत गुंडाळून ती डोळे उघडे ठेवून पडून राहायची. हात सोडवायला गेलं की ताडकन उठून बसायची. बालवाडीत दुपारी झोपवायचे, तिथे किंचाळायला लागली. तिचा हिशेब सरळ होता: मी झोपले आणि बाबा गेले, आता झोपले तर आई जाईल. तो हिशेब तिच्या डोक्यातून काढायला कित्येक आठवडे गेले, आणि त्या काळात सगळ्यात जास्त भरडली गेली ती तिची आई.

म्हणून पहाटे चारला निघायचं असलं तरी मुलीला उठवा. दिवा लावा, तिला नीट जागी होऊ द्या. पंधरा-वीस मिनिटं पुरतात, तासभर नको. तिला एक काम द्या. हातावर दही घालायची पद्धत तुमच्याकडे असेलच. वाटी आजीने धरावी, दही मुलीने घालावं. आजीचा मानही राहतो आणि मुलीला आपल्या हाताने बाबांना निरोप दिल्याचं आठवतं. मग निघा, आणि एकदाच निघा. जिन्यातून दोनदा परत येऊन पापा घेणं तुम्हाला गोड वाटतं, मुलीला मात्र प्रत्येक वेळी वाटतं की रडलं की बाबा परत येतात. मग ती आणखी जोरात रडते, आणि तिसऱ्या वेळी तुम्ही येत नाही.

सगळ्यांनी नौदलाच्या गोदीच्या लायन गेटपर्यंत जावं का, असंही लोक विचारतात. मोठ्या मुलाला यायचं असेल तर येऊ दे. पाच वर्षांच्या मुलीला नेऊ नका. फुटपाथवर उभं राहायचं, युनिफॉर्ममधली माणसं आत जाताना बघायची, बाबाही आत गेले आणि आपल्याला मात्र आत सोडत नाहीत, हे तिच्यासाठी घरच्या उंबऱ्यापेक्षा फार अवघड आहे. निरोप घरीच घ्या. त्या दिवशी तिची शाळा बुडवू नका. नेहमीचा डबा, नेहमीची व्हॅन. बाईंना आदल्या दिवशी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे ती वर्गात गप्प बसली तर तिच्यावर ओरडा बसणार नाही. आणि ती रडली तर "फौजीची मुलगी रडते का?" असं कुणीही म्हणायचं नाही. हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. तिने नौदलात सही केलेली नाही.

आता तीन आठवड्यांबद्दल.

महत्त्वाचं सगळं पहिल्या आठवड्यात उरका. बहुतेक जण उलटं करतात. आधी मित्र, बाजारहाट, गावाकडची फेरी, आणि मुलांशी नीट बोलणं, बायकोबरोबर निवांत बसणं हे शेवटच्या दोन दिवसांवर ढकलतात. शेवटचे दोन दिवस बॅग भरण्यात आणि फोन घेण्यात जातात. शिवाय फौजेत रजेचा भरवसा कुणी द्यावा? 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजा रद्द झाल्या आणि कितीतरी घरांत माणूस ताटावरून उठल्यासारखा निघाला. काहींच्या लग्नाची हळद उतरली नव्हती. अशा वेळी ज्यांनी आधीच्या दिवसांत बोलून घेतलं होतं त्यांच्या बायका मला म्हणाल्या, गेले अचानक, पण बोलायचं काही राहिलं नव्हतं.

मुंबईत मुलांना वेळ देणं म्हणजे मॉल, गेम झोन आणि वर पिझ्झा असं झालंय. एखाद्या दिवशी ठीक आहे, मीही काही सोवळ्यातली नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी मुलांना विचारलं की बाबा घरी होते तेव्हाचं काय आठवतं, तर उत्तरं अशी येतात: बाबांनी माझी वेणी घातली ती वाकडी होती. बाबा मला शाळेत न्यायला आले तेव्हा सगळ्यांनी बघितलं. बाबांनी चपाती जाळली आणि आजी ओरडली. म्हणून मुलीच्या रोजच्या दिनक्रमातलं एखादं काम पूर्ण तुमच्याकडे घ्या. शाळेत सोडणं-आणणं घ्या, नाहीतर रात्री झोपवणं. सगळी कामं घेऊ नका, कारण तुम्ही गेल्यावर ती सगळीच एकदम कोसळतात. आणि शेवटच्या आठवड्यात तेच काम बायकोबरोबर मिळून करा. दोन दिवस दोघं, मग ती एकटी आणि तुम्ही बाजूला बसलेले. ही सोपवासोपवी मुलीच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. ज्या बापांनी तीन आठवडे रोज गोष्ट सांगून झोपवलं आणि चौथ्या आठवड्यात एकदम गायब झाले, त्यांच्या घरी रात्री साडेनऊचा तास भयंकर जातो.

एक सहल मात्र सुचवते. पावसाळा नसेल तर गेटवेवरून मांडव्याची लाँच घ्या. लाँच सुटली की डॉकयार्डच्या बाजूला राखाडी जहाजं दिसतात. मुलीला तिथूनच दाखवा की बाबा अशा बोटीत काम करतात. फोटो काढायचे नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको, पण मुलाला सांगा. ज्या मुलांनी बाबांची जागा दुरून का होईना पाहिलेली असते, त्यांचा बाबा कुठल्यातरी पोकळीत नाहीसा होत नाही.

पाहुण्यांचं काय करायचं ते कठोरपणे ठरवा. विरारची आत्या, कल्याणचे काका, ठाण्याचा मावसभाऊ, प्रत्येकाकडे एकेक संध्याकाळ म्हटलं तर तुमची रजा लोकलमध्ये संपेल. एका रविवारी सगळ्यांना परळला बोलवा, मिसळ-पाव करा, भेटा, संपवा. कुणी रुसलं तर आईंनी सांभाळायचं, ते त्यांना छान जमेल.

मुलीला सांगायचं कसं, यावर थोडा वेळ घालवते, कारण इथे नौदलातल्या बापाची अडचण खास आहे. तारीख तुम्हाला पक्की ठाऊक नसते, असली तरी ती बोलायची नसते. परतीची तारीख तर जहाजावर कुणालाच पक्की माहीत नसते. आणि मूल पहिला प्रश्न तोच विचारतं: कधी येणार?

साधारण आठवडाभर आधी सांगा. पाच वर्षांच्या मुलीला तीन आठवडे म्हणजे काहीच कळत नाही, आणि आदल्या रात्री सांगितलं तर पचवायला वेळ मिळत नाही. सांगताना दोघांनी बसून सांगा, झोपायच्या वेळी नको, सकाळी किंवा दुपारी. वाक्यं छोटी ठेवा. "बाबा बोटीवर कामाला जाणार आहेत. खूप दिवस लागतील. काम झालं की बाबा घरी येणार." हे तिने बिल्डिंगच्या वॉचमनला सांगितलं तरी बिघडत नाही, आणि ती सांगणारच. तारीख, बंदर, मार्ग हे तिच्या कानावर पडूच देऊ नका, म्हणजे "कुणाला सांगू नकोस" असं ओझं तिच्यावर टाकावं लागत नाही. गुपित सांभाळणं हे पाच वर्षांच्या मुलीचं काम नव्हे. घरातल्या मोठ्यांना मात्र बजावा: निघायच्या दिवशी व्हॉट्सअॅप स्टेटसला काही नाही. आजोबांच्या सकाळच्या ग्रुपवरही नाही.

देशासाठी जातोय, हे तिला सांगू नका असं नाही, पण तेवढंच सांगून थांबू नका. तिला देश दिसत नाही. ती विचारते ते असं: बाबा झोपणार कुठे? उशी आहे का? बोटीत भात मिळतो? बाथरूम आहे? बोट बुडाली तर? एका मोठ्या कागदावर जहाज काढा, आडवं कापल्यासारखं. बाबांची झोपायची जागा म्हणजे बंक, जेवायची मेस, स्वयंपाकाची गॅली, खाली इंजिन. तिला रंगवू द्या. बंकवर तिच्या हाताने उशी काढू द्या. बुडण्याचा प्रश्न टाळू नका. "आमच्यातला प्रत्येक जण पोहायला शिकलेला असतो, बोटीत लाइफ जॅकेटं असतात, आम्ही खूप जण असतो आणि एकमेकांकडे लक्ष ठेवतो." हे सगळं खरं आहे आणि तिला पुरतं. चित्र भिंतीवर लावा. एक मुलगी रोज रात्री कागदावरच्या बाबांना पांघरूण म्हणून रुमाल चिकटवायची. आईने विचारलं, सकाळी का काढतेस? तर म्हणाली, त्यांना ड्यूटी असते ना.

परतीचे दिवस मोजायला कॅलेंडर देऊ नका. कागदाच्या साखळ्या, रोज एक कडी तोडायची, बरणीतलं रोज एक चॉकलेट खायचं, हे सगळे प्रकार ज्यांची तारीख ठरलेली असते त्यांच्यासाठी ठीक. तुमचं जहाज दोन आठवडे उशिरा आलं की साखळी संपते आणि बाबा आलेले नसतात. मग तिचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, आईवरचाही. मी उलटं मोजायला सांगते: रिकामी बरणी घ्या आणि रोज रात्री एक चिंचोका टाका. बरणी भरत जाते, कधी भरली पाहिजे असं काही नसतं, दोन आठवडे वाढले तर चौदा चिंचोके वाढतात इतकंच. तुम्ही परत आलात की दोघं मिळून ओता आणि मोजा. सणांचे टप्पे सांगा, म्हणजे आधी गणपती येतील, मग दसरा, मग दिवाळी. पण "दिवाळीला मी येतोच" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. दिवाळीला आलात तर आनंदच आहे.

फोनचंही तसंच. नौदलाने 2019 च्या डिसेंबरात तळांवर आणि युद्धनौकांवर स्मार्टफोन आणि फेसबुकसारख्या समाजमाध्यमांवर बंदी घातली, हे तुम्हाला माहीत आहे, मुलीला नाही. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचे बाबा दुबईत आहेत आणि रोज व्हिडिओ कॉल करतात. आधीच सांगा: बोटीवर मोबाइल चालत नाही, बंदराला लागलो की फोन करीन. "दर रविवारी फोन" असं ठरवू नका. न आलेल्या फोनची वाट बघत बसलेलं मूल हे आलेल्या फोनने खूश झालेल्या मुलापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं, निदान माझ्या तरी.

मुलाकडे वळू. तो जवळ येत नाही म्हणून तुम्हाला लागलंय, ते प्रश्नातल्या अर्ध्या ओळीतही कळतं. तेरा वर्षांचा मुलगा तुमच्यावर रागावलेला असेल, किंवा तुम्ही जाणार म्हणून आत्तापासूनच हात आखडता घेत असेल. बहुधा दोन्ही. त्याला समोर बसवून "बोल माझ्याशी" म्हणू नका, तो भिंतीकडे बघेल. शेजारी-शेजारी करायचं काहीतरी काढा. सायकलची चेन, मिक्सरचं बिघडलेलं भांडं, शिवाजी पार्कात नेटवर बॉल टाकणं. तुम्ही इंजिनवाले आहात, घरातला मोटरपंप त्याच्यासमोर उघडा, पाना त्याच्या हातात द्या. वीस मिनिटं कुणी काही बोलणार नाही आणि मग तो एखादा प्रश्न फेकेल. त्या प्रश्नासाठीच हे सगळं करायचं असतं.

तो प्रश्न बहुधा धोक्याचा असेल. त्याला बातम्या कळतात. 2008 पासून एडनच्या आखातात चाचेगिरीविरुद्ध आपली जहाजं गस्त घालतात, 2019 च्या जूनपासून भारतीय व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी ऑपरेशन संकल्प सुरू आहे, हे तो यूट्यूबवर बघून तुमच्याइतकंच सांगेल. 2024 च्या मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने पकडलेले 35 सोमाली चाचे मुंबईतच आणून पोलिसांच्या ताब्यात दिले होते, तेव्हा तो लहान असला तरी शाळेत त्याची चर्चा झालेली असणार. त्याला "काही धोका नसतो रे" म्हणाल तर तो तुम्हाला खोटारडा ठरवेल. धोका आहे आणि त्याची तयारी कशी करतो, ड्रिल किती वेळा होतात, तुमचं नेमकं काम काय, हे मोकळेपणाने सांगा. जे सांगता येत नाही तिथे "हे सांगता येत नाही" असं स्पष्ट म्हणा. या वयाच्या मुलाला त्याचा राग येत नाही, उलट भाव खाऊन जातो.

एक वाक्य मात्र टाळा: "आता घरातला कर्ता पुरुष तू." ते तुमच्या तोंडून आलं नाही तर काकांच्या तोंडून येईल, त्यांनाही थांबवा. हे ऐकलेली मुलं दोन प्रकारे वागतात. एक तर बहिणीला आणि आईला हुकूम सोडायला लागतात, नाहीतर रात्री कडी लागली का ते तीन-तीनदा बघत जागतात. त्याच्यावर आठवीच्या मुलाला झेपेल असं एक काम सोपवा. आजोबांच्या गोळ्यांची डबी दर रविवारी भरणं, किंवा लाइटबिल वेळेवर ऑनलाइन भरणं. आईला मदत कर, असं मोघम काही नको. आणि घरात बायको कर्ती आहे, वर तुमचे आई-वडील आहेत, हे त्याच्यासमोर स्वच्छ बोला.

आता बायकोबद्दल. वाद होतात याचं मला नवल वाटत नाही, झाले नसते तर थोडं वाटलं असतं. अमेरिकी नौदलाच्या कुटुंबांबद्दल कॅथलीन लोगन यांनी 1987 साली एक लेख लिहिला होता. जहाज निघण्याआधीपासून ते परतल्यानंतरपर्यंत बायकांच्या मनात काय काय होतं त्याच्या सात पायऱ्या त्यांनी मांडल्या. निघण्याच्या आधीच्या दिवसांत, माणूस घरात असतानाच दोघं एकमेकांपासून दूर सरकायला लागतात, ही त्यातली दुसरीच पायरी. तो लेख माझ्याकडे येणाऱ्या किती जणींना वाचून दाखवला तरी त्या म्हणतात, हे आमच्याच घरचं आहे. रागावलेल्या माणसाला निरोप देणं सोपं जातं, म्हणून भांडण उकरून काढलं जातं. तिच्याकडून तसं तुमच्याकडूनही. एवढं दोघांना माहीत असलं की निम्मी भांडणं "हं, तेच चाललंय" म्हणून सुटतात.

उरलेल्या निम्म्यांचं कारण बहुधा तुम्ही आहात. वाईट वाटून घेऊ नका. वर्षातले कितीतरी महिने घर ती चालवते. तुम्ही येता आणि मसाल्यांचे डबे दुसऱ्या फळीवर लावता, मुलाचा क्लास बदलायचं काढता, मुलीला मोबाइल का दिला म्हणून विचारता. तीन आठवड्यांत घराची शिस्त सुधारायला जाऊ नका. तुम्ही गेल्यावर ती शिस्त टिकत नाही आणि तिची जुनी घडी मोडून बसते. दुरुस्तीची यादी तिला करायला सांगा आणि तेवढंच दुरुस्त करा.

परळच्या घरात सहा माणसांत दोघांना एकांत मिळणं कठीण, हे मी गृहीत धरते. सिनेमाला जा वगैरे सांगत नाही. भाजी आणायला दोघांनी दादरला चालत जा आणि येताना कुठेतरी चहा घ्या. मुलांना आजी-आजोबांकडे सोपवून एखादी दुपार बाहेर काढा. आणि तिला विचारा की तुला या दिवसांत काय हवंय. एकीने नवऱ्याला सांगितलं होतं, मला एक दिवस सकाळी नऊपर्यंत झोपायचंय, कुणी उठवायचं नाही. त्याने बिचाऱ्याने महाबळेश्वरचं बुकिंग करून ठेवलं होतं.

तुम्ही गेल्यावर मागे काय राहावं, याची थोडी तयारी. बायकोच्या फोनवर तुमचा आवाज रेकॉर्ड करा, पण भाषण नको. रोज म्हणता तेच म्हणा: दात घास, पाणी पी, एक गोष्ट, शुभंकरोति. मुलांना ते "बाळांनो, बाबा तुमच्यावर खूप प्रेम करतात" पेक्षा जास्त वेळा ऐकावंसं वाटतं. मुलीच्या डोक्याला तेल लावताना तुम्ही गुणगुणता ते आईने नकळत रेकॉर्ड केलं तर सगळ्यात उत्तम. आणि पत्रं. जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस, मुंबई 400001 या पत्त्यावर पत्र टाकायला मुलीला शिकवा. परळहून फोर्टात जायचं आणि तिथून समुद्रावर, या प्रवासाचं तिला फार अप्रूप वाटेल. पत्र उशिरा पोचतं, कधी दोन एकदम पोचतात, त्याने काही बिघडत नाही. मुलगा पत्र लिहिणार नाही. त्याच्यासाठी तुम्हीच एक चिठ्ठी त्याच्या कंपासपेटीत ठेवून जा, चिठ्ठीबद्दल काही न बोलता.

कागदपत्रांचं थोडक्यात. बायकोला तुमचा सर्व्हिस नंबर, जहाजाचं नाव, तुमच्या डिव्हिजनल ऑफिसरचं, म्हणजे जहाजावर तुमची काळजी बघणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव आणि तळावरचा एक चालू फोन नंबर कागदावर लिहून द्या, फोनमध्ये नको. बँक खातं जॉइंट आहे का, नॉमिनेशन जुनंच आईच्या नावे राहिलंय का, डिपेंडंट कार्डाची मुदत, अश्विनीला, म्हणजे कुलाब्याच्या नौदलाच्या रुग्णालयात, आई-वडिलांना कोण नेणार, हे एका दुपारी उरका. ही दुपार पहिल्या आठवड्यातली हवी, शेवटच्या रात्री इन्शुरन्सचे कागद काढले की घरावर सुतककळा येते. वडील आजारी असतील किंवा घरात दुसरं काही चालू असेल तर निघण्याआधी डिव्हिजनल ऑफिसरच्या कानावर घाला. अर्ध्या समुद्रात असताना एखादी बातमी आली तर त्याला आधीचं माहीत असलेलं बरं.

तुम्ही गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मुलगी बिछाना ओला करेल, बोबडं बोलेल, आईवर विनाकारण चिडेल, जेवताना हट्ट करेल. मुलगा अभ्यासात घसरेल. हे बायकोला आधी सांगून ठेवा, म्हणजे ती स्वतःला दोष देणार नाही. त्यापुढेही झोप, जेवण, शाळा यांपैकी काही सावरत नसेल, किंवा बायकोलाच रोज सकाळी उठणं जड जात असेल, तर थांबू नये. अश्विनीत दाखवता येईल. शिवाय 14416 हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि 2023 च्या डिसेंबरात सैन्यदलांतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचा वेगळा कक्ष सुरू झाला. नंबर फ्रिजवर लावून जा, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी.

परत आलात की मुलगी धावत येऊन गळ्यात पडेल असं धरून चालू नका. कदाचित आईच्या मागे लपेल, आठवडाभर तुमच्या हातचं खाणार नाही. त्यासाठी परतल्यावर पुन्हा लिहा. तेव्हाचे प्रश्न वेगळे असतात, आणि त्यातला पहिला बहुधा "मसाल्याचे डबे कुणी हलवले?" हा असतो.